शेवटच्या कडव्यातलं नाव

मी पेटी बोलतेय. रोह्याच्या छोट्या चर्चमधली, बाजाची पेटी. जरा दमानं बोलावं म्हणते, पण जमत नाही. आत नुसती धुसफूस चाललीय.

मिरजेच्या एका कारागिरानं मला घडवलं. लग्नानंतर नऊ वर्षांनी आमच्या चर्चच्या पुतळीबाईला मुलगा झाला, तेव्हा देवाचे उपकार म्हणून तिनं मला चर्चला दिलं. तो मुलगा म्हणजे हर्षद. सातव्या वर्षी त्यानं माझ्यावर बोटं ठेवली. पहिले काही दिवस कानठळ्या बसायच्या! पण पोरगं चिकट. पुढे वीस वर्षं रविवारची उपासना आम्ही दोघांनी सांभाळली.

तो गाणीही रचायचा. डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट संपवून यायचा, डोळे तांबारलेले, तरी माझ्यापुढे बसून चाल शोधायचा. त्याच्या नाताळच्या गाण्यात, आपल्याकडच्या रीतीनं, शेवटच्या कडव्यात त्याचं नाव होतं:

हर्षद म्हणे देवा, मज तूच घडविले,
मग तुझ्या दारी का रे थांबविले?

गाणं चर्चच्या मंडळीला इतकं आवडलं की बायका भांडी घासतानाही म्हणायच्या.

मग मुंबईच्या मोर्चातला त्याचा फोटो मंडळीच्या ग्रुपवर आला. गळ्यात क्रूस, हातात फलक: 'मी समलिंगी आहे. मी ख्रिस्ताचा आहे.' शेजारी त्याचा जोडीदार, कासूचा अमोल. झालं! पुढच्याच रविवारी मला मंडळीतल्याच हैबतरावांच्या पुढ्यात सरकवलं. तो माणूस मला वाजवत नाही, कणीक मळतो. हर्षद नको, पण त्याचं गाणं काही सुटेना. तीन कडवी म्हणायची नि चौथ्याआधी गप्प. अस्सा संताप यायचा!

आमच्या चर्चचे दिनानाथ पाळक तसे वाईट नाहीत, हीच तर पंचाईत. त्यांनी हर्षदला चर्चमध्ये बोलावलं.

"चौथं कडवं घेऊ की आपण. नाव तेवढं बदल. 'दास म्हणे' कर."

"पाळकसाहेब, देव मला नावानं ओळखतो. तुम्हाला कसली लाज?"

पुतळीबाई तिथंच बसली होती. हळूच म्हणाली, "एका नावानं काय बिघडतं रे? चार लोकांत राहायचं हाय आपल्याला."

हर्षद आईकडे बघत राहिला आणि उठून गेला. पेणला अमोलच्या खोलीवरच राहायला लागला. तिथे दर रविवारी त्याच्यासारखी सात-आठ जणं जमतात, प्रार्थना करतात, टाळ्यांवर गातात म्हणे. टाळ्यांवर! आणि मी इथं हैबतरावांचे हात सोसतेय.

यंदा नाताळच्या फेरीत घरोघरी गात आम्ही संध्याकाळी पुतळीबाईच्या दारात पोचलो. मी हैबतरावांच्या गळ्यात. तिनं करंज्यांचं ताट हातात धरलेलं. तीन कडवी झाली आणि मंडळीनं चौथं उचललं, "दास म्हणे देवा..."

"कोण दास?" पुतळीबाई म्हणाली.

"या घरात कोण दास जन्मला नाय. हर्षद जन्मला. मी जन्म दिलाय, मला ठाऊक हाय. तवा मीच बोलले, नाव काढ म्हणून. तवाच माझी जीभ झडली कशी नाय!"

आणि तिनं एकटीनं, कापऱ्या आवाजात, अख्खं कडवं म्हटलं. नावासकट. हैबतरावांची बोटं हलेनात. पाळक खाली बघत होते. मला साथ द्यायची होती हो, जीव नुसता तळमळत होता! पण पेटी आपणहून वाजत नाही.

"करंज्या घ्या," म्हणाली नि ताट ठेवून आत गेली.

परवाच्या रविवारी तिची जागा रिकामी होती. पाळकांनी चौकशी केली, तेव्हा तिची शेजारीण म्हणाली, "पेणला गेली ती, पोराच्या प्रार्थनेला. निरोप दिलाय, दिलेली पेटी मागत नाय मी. पोरगा तेवढा परत घेते."

पाळकांनी उपासना आटोपली. माझ्यावर कापड टाकलं नि दिवा मालवला.

बाबांनो, पेणकडे जाणारं कुणी असेल तर मला उचला. पाळकांना विचारा, नाहीतर नका विचारू. मी जड नाही. तिथे ती म्हातारी पोराशेजारी बसून गात असेल, आणि तिला सूर द्यायला कुणी नाही.