ओल्या-सुक्याच्या मधली फळी

मी एक फळी बोलतेय. दोन हात लांब, एका टोकाला चिरलेली. कचऱ्याच्या ढकलगाडीत ओलं आणि सुकं यांच्या मधोमध मी उभी असते. लोक माझ्याकडे बघतात ते नाक मुरडूनच, पण त्याची आता सवय झाली आहे.

पूर्वी मी पुस्तकांच्या कपाटात होते. त्या घरच्यांनी बिऱ्हाड हलवलं, कपाट मोडलं आणि मी जिन्याखाली धूळ खात पडले. गल्लीतला कचरा नेणाऱ्या मावशींनी मला उचललं, नवऱ्याकडून मापात कापून घेतलं आणि गाडीत ठोकलं. तेव्हापासून चढावर गाडी ढकलताना त्या माझ्याशीच बोलतात. दुसरं असतं कोण त्यांच्याबरोबर?

गल्लीला वळण लागायला दीड वर्ष लागलं. भिंतीवर सूचना चिकटवून काडीचाही फरक पडला नव्हता. मावशी मात्र दारात डबा बघायच्या आणि सगळं एकत्र दिसलं की शांतपणे म्हणायच्या, "ताई, एवढं वेगळं करून द्या, मी थांबते." आणि खरंच थांबायच्या. समोर माणूस उभं असलं की आळस करायला जीव धजत नाही. हळूहळू घरोघरी दोन डबे झाले. ओल्याचं खत होऊ लागलं, सुकं निवडायला शेडमध्ये जाऊ लागलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग एक दिवस नाक्यावर गाड्यांतला कचरा न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याने घाईघाईत माझ्या दोन्ही बाजूंचं एकाच ढिगात ओतलं. नेमकं ते तिसऱ्या मजल्यावरच्या गुरुजींनी पाहिलं. शाळेतून निवृत्त झाले तरी गल्लीत त्यांच्या शब्दाला मान होता.

"आम्ही घरी निवडत बसायचं आणि तुम्ही इथे एकत्र करायचं? आम्ही काय खुळे आहोत?"

"ट्रक माझ्या हातात नाही हो, गुरुजी," मावशी म्हणाल्या.

पण ऐकतो कोण! एकाचं बघून दुसऱ्याने सोडलं, आठवड्याभरात दीड वर्षाच्या मेहनतीवर पाणी पडलं. मी मधे उभीच होते, पण आता दोन्हीकडे तेच.

मावशी स्वतःच हातांनी निवडू लागल्या. एका सकाळी कांद्याच्या सालींत घातलेला हात त्यांनी झटक्यात बाहेर काढला. फाटक्या हातमोज्यातून इंजेक्शनची सुई तळहातात रुतली होती. त्यांनी ती उपसली आणि कितीतरी वेळ नळाखाली हात धरला. दवाखान्यात गोळ्या दिल्या आणि सांगितलं, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू, तोवर लागण झाली की नाही ते खात्रीने सांगता येणार नाही.

कामाला मात्र त्या दुसऱ्या दिवशी हजर. चढावर म्हणाल्या, "नातीला आज हाताने भरवलं नाही गं. जीवच होईना." मी पडले लाकूड. पण फार वाईट वाटलं.

गल्लीत बातमी पसरली आणि चार दिवसांनी गुरुजींच्या पत्नी, काकू, स्वतः खाली आल्या. गाडीला धरून उभ्या राहिल्या.

"मावशी, ती सुई माझी होती."

"माहीत होतं, काकू. साखरेसाठी रोज सुई टोचून घेणाऱ्या इथे तुम्ही एकट्याच. आणि कांदाही एवढा जाड तुम्हीच सोलता."

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर लाजेने तुम्ही दार लावून घेतलं असतं. मला तर उद्या पुन्हा त्याच दारात यायचं होतं."

मागे जिन्यात गुरुजी उभे होते. दुसऱ्या दिवशी ते चपला घालून आले आणि गाडीच्या दांड्याला त्यांनी हात लावला. नाक्यावर ट्रकवाल्याला म्हणाले, "दोन्ही वेगळं घ्या. मी बघतोय."

"रोज येणार काय, आजोबा?"

"रोज."

आणि खरंच आले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा शिंपीणबाईंनी एक दिवस घेतला, पहिल्या मजल्यावरच्या ड्रायव्हरने एक. आपण निवडलेलं वेगळंच जातं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि पुन्हा दोन डबे आले. काकूंच्या सुया आता जाड झाकणाच्या बरणीत येतात, सांगून, हातात.

मी मात्र ओल्याच्या बाजूने कुजले. खालून पाणी झिरपतं. आज माझ्या जागी पत्रा बसला आणि मी भिंतीला टेकून उभी आहे. तक्रार नाही. मागणं एवढंच, की डब्याचं झाकण लावण्याआधी एकदा आत बघा. तुमच्यानंतर त्यात कुणाचा तरी हात जाणार असतो.

खिळे काढताना मावशी माझ्याशी शेवटचं बोलल्या. तीन महिने कालच भरले होते. "रक्त चांगलं निघालं गं," म्हणाल्या. "रात्री नातीला भरवलं. पोरगी दोन घास जास्तच जेवली."