आईच्या हातातलं बायबल

"सही कर, दादा. कबर उघडल्याशिवाय दुसरा मार्ग नाही." जस्टिननं तहसीलला द्यायचा अर्ज गिदोनपुढे सरकवला.

गिदोन जळालेली मोटर भरत होता. तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता तो आकडाच विसरला. आईला मातीत ठेवून चार दिवस झाले नव्हते, आणि पुण्याहून आलेला हा मास्तर भाऊ तिला उकरायची भाषा करत होता!

सोमवारी मोजणीवाले येणार होते. देवळाली प्रवरातली ही दोन खोल्यांची जागा आजोबांना मिशननं दिलेली, आणि त्याला पुरावा म्हणून एकच जुना कागद. तो दाखवला तर घर नावावर लागणार, नाहीतर गिदोननं दुकानासकट चंबूगबाळं उचलायचं. तो कागद जस्टिननं लहानपणी आईच्या बायबलमध्ये पाहिला होता. आणि ते बायबल आईच्या हातात देऊन पेटीचं झाकण लावलं होतं खुद्द गिदोननं.

पेटीत ठेवायला चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी नवं कोरं बायबल आणलं होतं. जुनं घरात ठेवायचं, कारण त्यात सगळ्यांचे बाप्तिस्मे लिहिलेले, रीतच तशी. पण नव्या जाड पुठ्ठ्यावर आईची बोटं काही केल्या बसेनात. गिदोननं तिच्या उशाखालचं जुनं आणून दिलं, तशी बोटं जागच्या जागी बसली. झालं, मोठा शहाणपणा केला!

"आत चाळून तरी बघायचं होतंस," जस्टिन म्हणाला.

"तवा सुचतंय व्हय रं कुनाला? आई पेटीत निजलेली, अन् मी पानं उलटीत बसू?"

"मग आता सही कर. पाळकसाहेबांशी बोललोय मी. घरच्या थोरल्याची मर्जी, म्हणाले."

"तिच्या हातातनं वढून काडायचं?"

"मला काय हौस आलीय? माझं पुण्यात घर आहे. रस्त्यावर येशील तो तू!"

ते काही खोटं नव्हतं. म्हणून तर गिदोनचा जीव सैरभैर झाला होता. तो उठला, रांजणापाशी गेला, पाणी न पिताच परत आला. जन्मात एक रविवार चुकवला नाही, प्रार्थनेत 'प्रभू, सगळं तुझंच' म्हणत आला, आणि दोन खोल्यांचं नाव निघताच आईची कबर उघडायचा विचार मनात आला! स्वतःचीच लाज वाटली त्याला. पण या वयात बायकोला घेऊन जायचं कुठं? त्यानं पेन घेतलं. 'गि' लिहिलं. मग पेन टाकून दिलं.

"न्हाई जमत. काडू दे घराभाईर. आईला हात लावायचा न्हाई."

"दादा, डोकं फिरलंय तुझं!"

त्याच वेळी गिदोनची बायको दया अंगणवाडीतून आली. आल्या आल्या तिनं अर्ज उचलला, वाचला, आणि तिचा पारा चढला.

"जागेच्या कागदापायी कबर? अवो, त्यो ज्वारीच्या कोठीत हाय!"

ती तरातरा आत गेली. कोठीत कोपरापर्यंत हात घालून तिनं प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली आणि कागद खाटेवर ठेवला.

"छत गळाया लागलं तवा आत्याबाईंनीच ठिवला तिथं. दोघं भाऊ सकाळधरनं कुजबुज करताय, मला एका शब्दानं इचारायचं तरी!"

गिदोन खाटेवर वाकून कागद वाचू लागला. जस्टिनला मात्र हसू फुटलं. "कमाल आहे आईची. कागद ज्वारीत! मग बायबलमध्ये काय ठेवायची ती?"

"तुमचं कार्ड," दया म्हणाली.

"माझं?"

"बोर्डिंगातनं धाडलेलं. रोज सांजच्याला आधी ते मोठ्यानं वाचायच्या, मंग वचन. आयकून आयकून मला बी पाठ झालंय. 'आई, शनिवारी ये. येताना शेंगदाण्याची चटणी आण. मला इथे करमत नाही.'"

जस्टिनचं हसू विरलं. "ती आली नव्हती."

"कशा येतील, भावजी? कार्डच सोमवारी पोचलं. मंगळवारी चटणी घिऊन गेल्या, तर आज भेटीचा वार न्हाई म्हून फाटकातनंच परत लावलं. तिथं उभ्या राहून लई रडल्या म्हनं. तुमी कधी इचारलं न्हाई, अन् त्या तुमच्याजवळ कधी बोलल्या न्हाईत."

"मी शनिवारी अंधार पडंस्तोवर फाटकापाशी हुतो, वैनी." इतक्या वर्षांनी गावची बोली जस्टिनच्या तोंडी आली. "त्याच्यानंतर मी आईला ये म्हनून कधी म्हनलोच न्हाई."

तो पन्नाशीचा बाप्या लेकरासारखा हुंदके द्यायला लागला. दयानं पाणी पुढं केलं, तेही त्यानं घेतलं नाही. तसाच उठला आणि दफनभूमीच्या वाटेला लागला.

पंख्याच्या वाऱ्यानं जागेचा कागद खाटेवरून खाली पडला. तो उचलायचं कुणाला सुचलं नाही. गिदोननं दारातल्या जस्टिनच्या चपला हातात घेतल्या आणि भर उन्हात अनवाणी निघालेल्या भावाला गाठायला तो लगबगीनं बाहेर पडला.