आग्या मोहोळ

"कुत्ता नहीं बैठेगा, माताजी. सीट गंदी होगी," असं म्हणत टॅक्सीवाल्याने काच वर केली आणि गाडी वळवून घेतली.

इंदुमतीबाई गेटपाशी तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या हातांवर ओढणीत गुंडाळलेला टोफू होता. मघापर्यंत तो धडपडत होता, आता त्याने मान टाकली होती. डावा डोळा सुजून मिटला होता, तोंडातून पिवळट फेस ओढणीवर गळत होता. बाईंच्या स्वतःच्या मानेवर आणि कानामागे निखारे ठेवल्यासारखं होत होतं, पण तिकडे बघायला सवड नव्हती. त्यांनी अंगठ्याने टोफूचा वरचा ओठ उचलला. एरवी गुलाबी असणारी हिरडी चुन्यासारखी पांढरी पडली होती.

हा पांढरेपणा त्यांच्या ओळखीचा होता. सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती. तिथे आग्या माश्या चावलेली माणसं दर उन्हाळ्यात यायची. कुणी मध काढायला गेलेला, कुणी नुसताच झाडाखाली झोपलेला. ओरडत येणाऱ्याची भीती नसायची. गप्प होऊन पांढरा पडत जाणारा आला, की इंदुमती सिस्टर हातातलं टाकून धावायच्या.

पण तो दवाखाना होता. इथे गुरुग्राममध्ये, पंचवीस मजली इमारतींच्या या सोसायटीत, त्या पुष्करच्या आई होत्या, गेटवरच्यांच्या आंटीजी होत्या आणि सकाळी कुत्रा फिरवणाऱ्या एक बाई होत्या. यजमान गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं, त्याला चार वर्षं झाली होती.

सगळं पंधरा मिनिटांत घडलं होतं. अकराव्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटच्या बाल्कनीखाली मोहोळ लागलंय हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. इमारतीच्या काचा धुणाऱ्या, दोरावर लोंबकळणाऱ्या माणसांना मात्र ते कुणी सांगितलं नसावं. पाण्याचा जोरदार फवारा मोहोळावर बसला आणि एखादं काळं कांबळं सुटून खाली यावं तशा माश्या बागेवर उतरल्या. इंदुमतीबाई तेव्हा बाकाची पाठ धरून गुडघ्याचा व्यायाम करत होत्या. टोफूची दोरी त्यांनीच बाकाच्या पायाला बांधली होती. माळी "भागो, भागो" म्हणत पळाला, त्याच्यामागे त्याही पळाल्या. दहा-पंधरा पावलं गेल्यावर त्यांना दोरी आठवली.

त्या परत फिरल्या. गाठ सुटेना. टोफू जमिनीवर लोळत, तोंड घासत केकाटत होता. त्याचं केकाटणं ऐकून गेट नंबर दोनची काळी धावत आली. ती रस्त्यावरची कुत्री. गेटवरच्या रामनरेशच्या डब्यातली पोळी खाऊन वाढलेली. टोफू आणि ती रोज सकाळी जाळीच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना हुंगायचे. काळी सरळ माश्यांच्या घोळक्यात शिरली आणि हवेला चावे घेऊ लागली. बाईंनी टोफूच्या गळ्यातला पट्टाच डोक्यावरून ओढून काढला, त्याला ओढणीत गुंडाळला आणि गेटकडे निघाल्या. वळून पाहिलं तेव्हा काळी बेसमेंटच्या उतारावर लटपटत चालली होती. तिथेच ती बसली.

रामनरेश घोंगडी पांघरून धावत आला.

"आप इसको लेके निकलिए आंटीजी. काली को मैं देखता हूँ."

त्या निघाल्या होत्या.

टॅक्सी गेली तशी त्यांनी समोरून येणाऱ्या ई-रिक्षाला आडवा हात केला. चालवणारा सतबीर नावाचा, पांढऱ्या मिशांचा, मळकं पागोटं बांधलेला हरियाणवी होता.

"के होग्या इसने?"

"मधमक्खी. जानवर का डॉक्टर... जल्दी."

"बैठ ज्याओ."

त्याने कुत्र्याबद्दल काही विचारलं नाही, सीटबद्दलही नाही.

बाईंनी सुनेला फोन लावला. मयुराने तो कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला आणि 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करते' असा मेसेज मोठ्या अक्षरांत उमटला. पुष्कर बंगळुरूला गेलेला. त्यांनी तिसऱ्यांदा लावला.

"आई, काय झालं? मी प्रेझेंटेशनमध्ये आहे."

"टोफूला आग्या माश्या चावल्यात. डॉक्टरचा पत्ता पाठव."

"ओह. अच्छा, ऐका ना, किचनमध्ये वरच्या ड्रॉवरमध्ये त्याची ॲलर्जीची गोळी आहे. पीनट बटरमध्ये घालून..."

"मयुरा, तो गोळी गिळायच्या पलीकडे गेलाय."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज.

"लोकेशन पाठवते. मी निघतेय. आई, तुम्ही त्याला... प्लीज."

सासूबाईंना कुत्रा आवडत नाही असं मयुराला वाटत असे. ते तसं खोटंही नव्हतं. सोफ्यावरचे केस, ताटाशी येणारं नाक, आणि ते नाव. पण गेली दोन वर्षं दिवसाचे दहा तास त्या घरात त्या दोघांशिवाय तिसरं कुणी नसायचं. दुपारी त्या पडल्या, की तो पायथ्याशी येऊन पडायचा. हे सुनेला सांगायचं कधी कारण पडलं नव्हतं.

रिक्षा उड्डाणपुलाखाली अडकली. सतबीर सारखा हॉर्न वाजवत होता, बाई टोफूच्या बरगड्यांवर तळहात ठेवून श्वास मोजत होत्या. मोजता मोजता त्यांना काळी दिसायची आणि आकडा चुकायचा. त्या पुन्हा एकपासून सुरू करायच्या. टोफूने दोनदा उलटी केली. ती त्यांच्या मांडीवर आणि सीटवर सांडली.

"बस आग्या, आग्या," सतबीर स्वतःशीच म्हणत होता. त्याच्या बोलीत ते 'आलं, आलं' असं होतं, हे बाईंना क्षणभराने कळलं.

दवाखाना एका सलूनशेजारी होता. आत एप्रन घातलेली एक तरुणी पांढऱ्या झिपऱ्या कुत्र्याचे केस कापत होती. तिच्या एप्रनवर शिवांगी असं नाव शिवलेलं होतं.

"डॉक्टर साहब रास्ते में हैं, आंटी. आधा घंटा लगेगा. आप बैठिए."

"आधा घंटा इसके पास नहीं है. फोन लगाव उनको."

शिवांगीने टोफूकडे पाहिलं, हातातली कात्री ठेवली आणि फोन लावला. स्पीकरवर डॉक्टर सहगलांचा आवाज आला. मागे हायवेचा गोंगाट होता.

इंदुमतीबाईंना या शहरात बोलायची धास्ती वाटायची. भाजीवाल्याशी, लिफ्टमधल्या बायकांशी बोलताना लिंग चुकायचं, क्रियापद चुकायचं, समोरचा हसायचा नाही पण सावकाश बोलायला लागायचा. आता त्या टेबलाशी उभ्या राहिल्या, टोफूच्या छातीवर हात ठेवला आणि बोलू लागल्या.

"डॉक्टर, मल्टिपल बी स्टिंग्ज. वीस-पच्चीस मिनट हुआ. व्हॉमिटिंग दो बार. हिरड्या, मतलब गम्स, एकदम पेल. पल्स मुझे मिल नहीं रहा. रेस्पिरेशन साठ के ऊपर. ॲनाफिलॅक्सिस है. ॲड्रिनॅलिन देना पडेगा."

फोनमधला गोंगाट एकदम कमी झाला; डॉक्टरांनी गाडीची काच वर केली असावी.

"आप कौन बोल रही हैं?"

"मैं नर्स है. थी. एकतीस साल."

"कुत्ते को कभी इंजेक्शन दिया है?"

"आदमी को दिया है. कुत्ते को नहीं."

"वज़न कितना है इसका?"

"बारह किलो. पिछले महीने किया था."

"ठीक है. शिवांगी, वीडियो ऑन करो और फ्रिज से ॲड्रिनॅलिन निकालो. सिस्टर, एक एमएल वाली सिरिंज लीजिए. पॉइंट वन टू. जांघ के मसल में. पल्स जांघ के अंदर की तरफ मिलेगा, उंगली हल्की रखिए."

शिवांगीने फ्रिज उघडला. तिने आणलेली कुपी बाईंनी हात लांब करून धरली, पण चष्मा बागेतच राहिला होता. अक्षरं नुसती मुंग्यांसारखी दिसत होती.

"पढ. नाम पढ, तारीख पढ. ऊँची आवाज में."

शिवांगीने वाचलं. बाईंनी तिच्याकडून सिरिंजवरची रेघही दोनदा तपासून घेतली. मग त्यांची बोटं, जी हल्ली सुईत दोरा ओवताना हैराण व्हायची, टोफूच्या मांडीवरून फिरली, स्नायू चिमटीत धरला आणि सुई आत गेली. कुत्रा हललाही नाही.

आता थांबायचं होतं. शिवांगीने ऑक्सिजनचा मास्क त्याच्या तोंडाशी धरला. तो झिपरा कुत्रा अर्धा कापलेला, अर्धा न कापलेला, पिंजऱ्यात बसून बघत होता. बाईंनी मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली. काही नाही. जागा बदलली. काही नाही. स्वतःच्याच बोटांतले ठोके लागत होते, म्हणून त्यांनी दुसरा हात लावला. मग कुठेतरी खोलवर, दोऱ्याला हिसका बसावा तसं काहीतरी लागलं. गेलं. पुन्हा लागलं.

"मिला," त्या म्हणाल्या.

डॉक्टर आले तोवर हिरडीवर अगदी फिकी गुलाबी छटा आली होती. त्यांनी पायाच्या शिरेत सुई घातली, सलाईन सुरू केलं, आणखी दोन इंजेक्शनं दिली. जरा वेळाने मान न वळवता म्हणाले, "अच्छा काम किया. सिस्टर, अब आप बैठ जाइए. आपकी गर्दन देखनी पड़ेगी."

चार वर्षांत कुणी त्यांना सिस्टर म्हटलं नव्हतं. डॉक्टर आज दुसऱ्यांदा म्हणाले होते. एरवी त्यांना ते किती गोड वाटलं असतं. पण त्या बसल्या नाहीत.

"एक और है," त्या म्हणाल्या.

रामनरेशला त्यांनी मघापासून तीनदा फोन केला होता. त्याने उचलला नव्हता. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. टोफूला सोडून त्यांना येता येणार नव्हतं, आणि तसं बाईंनीही विचारलं नाही. डॉक्टरांनी दुसरी सिरिंज हातात घेतली.

"कितनी बड़ी है?"

"इससे बडी. सतरा-अठारा किलो होगी."

त्यांनी ती भरून टोपण लावलं. "अंदाज़े से भर दिया है. देते ही उसे यहीं ले आइए."

बाहेर सतबीर अजून उभा होता. सीटवरची उलटी त्याने बाटलीतल्या पाण्याने धुतली होती.

"बच ग्या?"

"हाँ. वापस चलो. दूसरा है."

परतीची वाट लांबची होती. वळायला दीड किलोमीटर पुढे जावं लागत होतं, आणि शाळा सुटल्या होत्या. पिवळ्या बसेसची रांग लागली होती. इंदुमतीबाई सिरिंज मुठीत उभी धरून बसल्या होत्या. एकदा त्यांना वाटलं उतरून चालत जावं. उतरल्याही, मग सिग्नल सुटला आणि पुन्हा चढल्या. पूर्वी अपघाताची माणसं एकदम यायची तेव्हा कुणाला आधी घ्यायचं ते डॉक्टर सांगायचे. सिस्टरने फक्त सांगितलेल्या खाटेकडे धावायचं. आज कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचे हात आपोआप घरच्या कुत्र्याकडे गेले होते. रिक्षात जागा दोघांनाही झाली असती. चाळीस पावलं चालून उतारापर्यंत जायला हवं होतं, इतकंच.

गेट नंबर दोन बंद होतं. माश्या बसल्या होत्या. बागेत शुकशुकाट होता. रामनरेश त्यांना बघून पुढे आला. त्याचा वरचा ओठ सुजला होता.

"सुपरवाइज़र ने सबको अंदर कर दिया था आंटीजी. गेट छोड़ने को मना किया. फोन केबिन में रह गया मेरा. मैंने जानवरों की हेल्पलाइन वालों को लगवाया, बोले गाड़ी दो घंटे में आएगी." त्याने उताराकडे बोट केलं. "पानी रखा था उसके सामने. पिया नहीं. अभी थोड़ी देर पहले तक साँस थी."

काळी उतारावर, भिंतीच्या सावलीला पडली होती. शेजारी स्टीलची वाटी भरलेली होती. बाई गुडघे टेकून बसल्या. अंग गरम होतं. त्यांनी मांडीच्या आत दोन बोटं ठेवली. ती जागा आता त्यांना माहीत झाली होती. बराच वेळ ठेवली. जागा बदलली, दुसरा हात लावला. मग डोळ्याच्या कडेला हलकेच बोट लावून पाहिलं. पापणी हलली नाही.

त्यांनी सिरिंज खाली ठेवली.

सतबीर रिक्षा लावून खाली आला, बघून पागोट्याचं टोक ओठांवर धरून मागेच थांबला.

काळीचं नाक, ओठ, कानांच्या आतली कातडी नांग्यांनी भरली होती. काळ्या केसांत त्या दिसतही नव्हत्या, हाताला लागत होत्या. बाईंनी पर्समधून पुष्करने दिलेलं बँकेचं कार्ड काढलं आणि त्याच्या कडेने नाकावरची पहिली नांगी खरवडून काढली. मग दुसरी. रुग्णालयात शेवटचा श्वास गेलेल्या माणसाची सुई, नळी, पट्टी सगळं काढून, तोंड पुसून मगच त्या नातेवाइकांना आत घ्यायच्या.

"आंटीजी, अब क्या फायदा," रामनरेश हळूच म्हणाला.

"गीला कपडा लाव," त्या म्हणाल्या. तो केबिनकडे गेला.

फोन वाजला. मयुरा होती. तिचा आवाज रडून जड झाला होता.

"आई, मी दवाखान्यात पोचले. त्याने डोळे उघडलेत. शेपटी पण हलवली थोडी. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नसता तर..." मग तिने घाईने विचारलं, "तुम्ही कुठे आहात? तुम्हालाही किती चावलंय म्हणे. मी घ्यायला येऊ?"

"खाली आहे. गेटवर."

"मग वर जाऊन पडा ना जरा."

"जाते," इंदुमतीबाई म्हणाल्या. "थोडं काम राहिलंय."

त्यांनी फोन बाजूला ठेवला, काळीचं डोकं मांडीवर घेतलं आणि कान उलटा करून आतल्या नांग्या काढायला लागल्या.