नऊ नंबरचा श्वास

आमच्या वहिनींनी माझ्यावर आयुष्यात एकदाही विश्वास ठेवला नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांच्या चष्म्याच्या डबीत रबरी पाल मी ठेवलेली आहे. त्यांच्या कपाटात माणसाच्या उंचीचा पुतळा उभा करून ठेवणारा मीच. माझा धंदाच तो. जत्रेतली भुताची घरं बांधायचो मी: मुखवटे, तारेवरून सरकणारे सांगाडे, मानेवर अचानक पडणारा गार हात. लोक तिकीट काढून किंचाळायचे आणि मी पडद्यामागे पोट धरून हसायचो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्यांचं काम अगदी उलटं. बावीस वर्षं एका संशोधनपत्रिकेत मुद्रितं तपासत होत्या. कानावर पेन्सिल, नजर स्वल्पविरामावर. दादा गेल्यावर वर्षभराने एक दिवस माझ्या वर्कशॉपमध्ये आल्या, खुर्चीवरचे मुखवटे बाजूला केले आणि बसल्या.

"भावजी, ही शास्त्रज्ञ माणसं जीव तोडून शोध लावतात, आणि वाचतात तिघं. लिहिणारा, त्याचा साहेब आणि मी."

"मग?"

"मला त्यातलं कळतं. तुम्हाला लोकांना बघायला कसं लावायचं ते कळतं. भुतं पुरे झाली. हे करू."

असा आमचा धंदा सुरू झाला. पत्रिकेतली नोकरी त्यांनी सोडली, मी सांगाडे मोडीत काढले. पहिलं काम दातांवरच्या जंतूंचं. मी एक दाढ केली, खोलीएवढी. लोक आत शिरून फिरायचे आणि बाहेर आले की गपचूप नळाकडे जायचे. झालं, नाव झालं.

त्या दाढेमुळेच झोपेच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई आमच्याकडे आल्या. झोपेत ज्यांचा श्वास मध्येच थांबतो अशा चोवीस माणसांचा त्यांनी अभ्यास केला होता. एकेक रात्र छातीला पट्टा बांधून झोपवायचं आणि श्वास नोंदवायचा. त्या नोंदींची फाईल आम्हाला दिली. नावं नाहीत, नुसते नंबर. "लोकांना हे आकडे कळत नाहीत," त्या म्हणाल्या. "काहीतरी असं करा की ते घरी जाऊन तपासून घेतील."

मी हो म्हटलं. पण वहिनींकडे बघायचं टाळलं.

कारण त्या प्रयोगशाळेत दादा एक रात्र झोपून आला होता. घोरणारी माणसं हवीत असा कागद कुठेतरी भिंतीवर लागला होता, तो वाचून गेला. "हिला सांगू नकोस, डोकं खाईल," म्हणाला. जत्रेत भुताचं घर उभारायला माझ्याबरोबर जातोय, असं घरी सांगितलं. पत्ताही माझ्या वर्कशॉपचा दिला. महिन्याने पत्र आलं ते माझ्याकडे. मी ते फोडलं, डॉक्टरी आवाज काढून त्याला वाचून दाखवलं, आणि शेवटी थांबणारा श्वास करून दाखवला. खर्र, खर्र, मग गप्प, मग म्हशीसारखा हुंकार. दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. पत्र माझ्या खोक्यात राहिलं. दहा महिन्यांनी एका सकाळी तो उठलाच नाही.

त्या रात्री वहिनी माहेरी होत्या, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. नंतर एकदाच म्हणाल्या, "ह्यांचा श्वास अडकला की मी कोपर मारायचे. मी असते तर मारला असता." एकदाच म्हणाल्या, पण ते वाक्य चार वर्षं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते पत्र काढून दाखवलं असतं तर पुसलं गेलं असतं. मी दाखवलं नाही. काय सांगणार, की त्यांना कोपर मारायचं कळत होतं आणि मला पत्र वाचून फक्त नकला सुचल्या?

तर मी चोवीस बाहुल्या केल्या. हातभर लांबीच्या, एकेका छोट्या खाटेवर उताण्या. छातीच्या जागी कागदाचा भाता, खाली मोटर, आणि प्रत्येक मोटरला फाईलमधला एकेक श्वास. चेहरे द्यायचे होते, तिथे मला राहवलं नाही. तीन नंबरला आमचा न्हावी, बाराला वाहतूक पोलीस, नऊला घरमालक, त्याच्या मिशांसकट. वहिनी बघून म्हणाल्या, "घरमालक आला उद्घाटनाला, तर ही जागा गेली आपली."

शेवटची चाचणी दुपारी घेतली. डॉक्टरीणबाई चार वाजता बघायला येणार होत्या. शटर अर्धं खाली, भिंतींना काळं कापड. मी बटण दाबलं आणि चोवीस छात्या वर आल्या, खाली गेल्या.

मी इतकी भुताची घरं बांधली, पण असं कधी ऐकलं नव्हतं. आरडाओरड नाही, काही नाही. खोलीभर नुसता कागदाचा श्वास. कुठे एखादा थांबायचा, दुसरीकडे एक सुरू व्हायचा. यातला दादा कोणता ते मला माहीत नव्हतं. मुद्दामच शोधलं नव्हतं. सगळ्यांना एकदम बघत होतो, म्हणजे कुणालाच बघायला नको.

वहिनी खाटांमधून फिरत होत्या, हातात माहितीचे कागद. नऊपाशी थांबल्या. मान तिरकी केली. कागद खाली ठेवले आणि फरशीवर बसल्या.

"भावजी, ही कसली थट्टा?"

"कसली?"

"हा त्यांचा आहे. तीन लहान, मग अडकतो, मग एक लांब, मध्येच ठेच लागल्यासारखा. अठरा वर्षं मी ह्या श्वासाशेजारी झोपले. तुम्ही नक्कल करायचा त्यांची, सगळ्यांना हसवायचा. ती भरली यात. हो ना?"

घरमालकाच्या मिशा वर-खाली होत होत्या आणि आतून माझा भाऊ श्वास घेत होता.

मला नुसतं हो म्हणायचं होतं. हो वहिनी, थट्टा केली, चुकलं. त्या चिडल्या असत्या, आठ दिवस अबोला धरला असता, आणि संपलं असतं. जन्मभर मी खोटं बोलून सुटलो, आणि इथे तर खोटं त्यांनीच हातात आणून दिलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "ही नक्कल नाही. तोच आहे."

मुखवट्यांचं खोकं काढलं, तळातून पत्र काढून दिलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खोटी जत्रा, पट्टा, मी काढलेला आवाज. नकलेचंही सांगितलं. तेवढं गाळता आलं असतं.

त्यांनी पत्र वाचलं. तारीख पाहिली. कानावरची पेन्सिल काढून एका ओळीत राहिलेला स्वल्पविराम घातला, हाताच्या सवयीने. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"झोपताना श्वासाचं मशीन लावा, ताबडतोब, असं लिहिलंय."

"हो."

"दहा महिने आधी."

"हो."

"म्हणजे मी त्या रात्री घरी असते, तरी..."

"कुणाला ठाऊक, वहिनी. पण कोपर मारणं एवढंच त्याच्यावर औषध नव्हतं. ते तुम्हाला चार वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. माझ्यामुळे नाही कळलं."

त्यांनी पत्राची घडी घातली. तेवढ्यात नऊ नंबर थांबला.

बाकीच्या तेवीस छात्या चालू होत्या. नऊचा भाता तळाला गेला तो तिथेच. तारा जोडताना नऊच्या श्वासातला सगळ्यात लांब खंड मी आलेखावर पाहिला होता, एक्केचाळीस सेकंद, आणि तो कुठे येतो तेही. मोटर तपासायची म्हणून मी मनात मोजायला लागलो. दहा. पंधरा. वहिनींचे ओठही हलत होते. सव्वीसला त्यांनी वाकून कोपराने त्या कागदी बरगडीला हलकंसं ढोसलं.

भाता वर आला. एक लांब श्वास, मध्ये ठेच.

नंतर मी मोटर उघडली, तारा तपासल्या, फाईल पुन्हा लावून पाहिली. दर वेळी एक्केचाळीस. धक्क्याने आतली हवा सरकली असेल. मला हवा, तारा, कळसूत्रं सगळं कळतं, माझं पोटच त्यावर आहे. तरी सव्वीस ते एक्केचाळीसमधल्या त्या पंधरा सेकंदांचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

"ते मिशाळ तोंड काढा त्याच्यावरून," वहिनी म्हणाल्या.

"कुणाचं लावू?"

"कुणाचंच नको. कोरं राहू दे. आणि भावजी, यापुढे तुमच्याशी कामापुरतं बोलेन. किती दिवस ते विचारू नका."

त्या उठल्या, आतल्या कपाटातून स्पंजचा तुकडा काढला, त्यावर पांढरं कापड शिवलं आणि नऊच्या खाटेवर बाहुलीच्या डोक्याशेजारी ठेवलं. दुसरी उशी. मग उरलेल्या तेवीस खाटांसाठीही शिवायला बसल्या. मी स्पंज कापून देत होतो. कामापुरतं एवढंच बोलल्या, "जरा लहान कापा."

चार वाजता डॉक्टरीणबाई आल्या. कोपऱ्याकोपऱ्यात उभं राहून ऐकलं, खूश झाल्या. मग उशांकडे बोट केलं.

"ह्या कशाला? आमच्या अभ्यासात एकेकटेच झोपले होते सगळे."

"माहितीय," वहिनी म्हणाल्या. "आधी ऐकू येतं ते शेजारच्याला. पत्र त्या माणसालाही पाठवत चला."

बाईंनी वही काढून ते लिहून घेतलं. मग नऊपाशी जाऊन उभ्या राहिल्या, नुसत्या कोऱ्या तोंडाकडे बघत. "याला चेहरा द्यायचा राहिला वाटतं," म्हणाल्या.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाशी तीन विनोद तयार होते. नऊ पुन्हा थांबला होता, आणि मी मोजत होतो.