बिनमिठाचा येसाजी

मुंगी अंगठ्याच्या नखावर चढली, थांबली, वाट विसरल्यासारखी गोल फिरली... येसाजीने चटकन पाय मांडीखाली ओढला. कुणी पाहिलं नव्हतं.

"आता सांगतो ते तुमाला पटायचं न्हाय," तो म्हणाला. "माझ्या आज्याला पन पटलं नसतं, आनि तो तर सुसरीवर बसून खाडी उतरलेला!"

मिठागराच्या बांधावर जेवायला बसलेली माणसं हसली. हिरामणने, त्याच्या साडूने, गुडघ्यावर कांदा फोडला. "बोल येसा. आज कुनाचा नंबर?"

कुणाचा... येसाजीने पुढ्यातली भाकरी पाहिली. आळणी. चारी अंगांनी मिठाच्या पांढऱ्या राशी, आणि मधोमध मी, या आगराचा सगळ्यात जुना माणूस, बिनमिठाची भाकरी चघळतोय — गोवा सुटला त्या साली अलिबागच्या डॉक्टरने दंडाला पट्टा आवळला, पारा बघितला आणि मीठ बंद म्हणाला; रोज एक गोळी, वजन वाढू देऊ नकोस. गुळाचं काही बोलला नाही. मग मीठ गेल्यावर तोंडाला काहीतरी नको? भाकरीवर गूळ, भातावर गूळ, कोऱ्या चहात गूळ... ब्लडप्रेशर उतरलं, पोट पुढे आलं. आणि ही तहान — मडकं संपेल, तहान संपत नाही. गोळीने लघवी वाढते हे डॉक्टरच म्हणाला होता, तेव्हा गोळीनेच... गोळीनेच असणार. पण त्याच दवाखान्यात बाकावर तो दोन बोटं कापलेल्या पायाचा माणूस होता, आणि डॉक्टर काचेच्या नळीत त्याची लघवी तापवत होता, आणि निळं औषध बघता बघता विटेसारखं लाल झालं होतं. साखर, डॉक्टर म्हणाला. पुढल्या खेपेला तूही बाटली घेऊन ये, येसाजी.

खाऱ्या पाण्यात उभं राहून चिरलेली त्याची टाच महिनाभर भरून आली नव्हती.

"पेनला माझा दोस्त हाय, दयाराम," तो म्हणाला. "त्याना मीठ सोडलं. असं सोडलं, का घाम गोड झाला! मुंग्या गुळाच्या ढेपेवरून उतरल्या नि याच्या मागं. हा पालीला गनपतीला निघाला, तर एष्टीत रांग. कंडक्टर म्हनतो, यांची तिकिटं कोन काढनार?"

हशा उसळला. प्रत्येक हशासरशी मुंग्या आपल्या पायावरून उतरून त्या नसलेल्या दयारामाच्या पायावर जात होत्या — किती हलकं वाटत होतं! सांगत राहावं, सांगत राहावं...

"आन् तो परसात लघवीला बसला रं बसला, का तिथं मुंग्यांची जत्रा!"

"मग डाक्टरकडं गेला न्हाय तो?" हिरामणने डोळे पुसत विचारलं.

"गेला की! दोन डाव गेला. डाक्टर बोलला, तुला कायसुदिक झालं न्हाय."

"कवा बोलला?"

आवडाबाई भांडी गोळा करता करता थांबली होती. नवऱ्याच्या गोष्टीत ती कधी बोलत नसे.

"दयाराम बियाराम कोन न्हाय," ती म्हणाली. "बाटली घेऊन तुमी डाक्टरकडं गेलाच न्हाय. दोनी डाव रेवसच्या धक्क्यावर लाँच बघत बसलात, शेजारच्या केसरनं बघितलं मासळी विकताना. आन् मुंग्या आपल्याच परसात हायत. रोज सकाळी राख टाकते मी त्यांच्यावर."

हिरामण येसाजीच्या मांडीखाली दडवलेल्या पायाकडे बघत होता.

तो एकाच शब्दाशी अडला — राख. आठ-पंधरा दिवस मुंग्या दिसत नव्हत्या परसात. रोज वाकून बघायचा, आणि कुणाला न सांगता मनाशी म्हणायचा, साखर उतरतेय बरं का येसाजी, आपोआप उतरतेय... तेवढी एकच गोष्ट त्याने स्वतःला सांगितली होती, आणि तेवढीच त्याला खरी वाटली होती.