चालेलकाका

“काका, ही ठेवा तुमच्याकडेच. भंगारात घाला, नाहीतर काय वाटेल ते करा,” असं म्हणून टेलरबाईंच्या मुलाने पिशवीतली इस्त्री काउंटरवर आदळली. “आई काल पडली. हिचा शॉक बसला. मनगट मोडलंय.”

काकांचा पेचकस हातातच राहिला. “कुठलं?”

“उजवं. सहा आठवडे प्लास्टर. शाळेचे सत्तर गणवेश शिवायला घेतले होते तिने. सगळं कापड परत करून आलो आत्ता.” तो वळला आणि पायरीवर थांबला. “तुम्हाला बोल लावत नाही हो मी. जुन्या वस्तूचा काय भरवसा! कधीचा सांगतोय, नवी घे. तर म्हणे, काकांनी बघून दिलीय.”

काकांनी बघून दिलीय, या तीन शब्दांवर ते दीड दाराच्या रुंदीचं दुकान अडतीस वर्षं उभं होतं. मिक्सर, पंखे, टोस्टर, इस्त्र्या, लोक टाकून द्यायला निघालेलं जे जे म्हणून असेल ते तिथे यायचं आणि बरं होऊन घरी जायचं. नेताना गिऱ्हाईक विचारायचं, “चालेल ना?” आणि काका म्हणायचे, “चालेल.” त्यापुढे एक अक्षर नाही. किती दिवस चालेल, कसं चालेल, असल्या चौकशा त्यांना आवडत नसत. त्यावरून त्यांचं नाव चालेलकाका पडलं, आणि खरं नाव लाइटबिलापुरतं उरलं.

पण हा शब्द ते फुकट देत नसत. आधी चपला काढायच्या. उघडे पाय फरशीवर घट्ट टेकायचे. मग वस्तू सुरू करून तिच्या अंगाला उलटा हात लावायचा. उलटा अशासाठी, की शॉक बसला तर हात आपोआप मागे येतो. तळवा लावला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. खिशाला टेस्टर असायचा, पण तो शोभेला. दुसऱ्याच्या घरात जाणारी वस्तू आधी आपल्या अंगावर घेऊन बघायची, एवढी साधी त्यांची रीत होती.

टेलरबाईंच्या इस्त्रीला त्यांनी आठवड्यापूर्वीच नवी वायर घातली होती. त्यांनी झाकण उघडलं. वायर झाकणाच्या कडेखाली चेमटली होती. आवरण फाटून आतली तांब्याची तार इस्त्रीच्या पत्र्याला टेकली होती. वायर त्यांचीच, स्क्रू त्यांनी पिळलेला. चूक कुणाच्याही हातून होते, म्हणून तर तपासायचं असतं. आणि तपासलं होतं की! उलटा हात लावल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं. काही म्हणजे काही लागलं नव्हतं.

त्यांनी झाकण होतं तसंच बसवलं, इस्त्री सुरू केली आणि हात लावला. काही नाही. पुन्हा लावला. तरीही काही नाही. क्षणभर त्यांना हायसं वाटलं. दोष टेलरबाईंच्या घरातल्या वायरिंगचा असेल, आपण सुटलो. मग त्यांची नजर खाली गेली.

पायात जाड रबरी तळाच्या चपला होत्या.

तीन आठवड्यांपूर्वी लेकीने आणल्या होत्या. काकांच्या टाचेचं हाड वाढलं होतं, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना ब्रह्मांड आठवायचं. डॉक्टरांनी अनवाणी चालायची बंदी केली होती. लेकीला बापाचा स्वभाव पुरता ठाऊक. तिने हात धरून कबूल करून घेतलं होतं, “बाबा, दुकानातसुद्धा काढायच्या नाहीत.” आणि जन्मात कुणाचं न ऐकणाऱ्या या माणसाने नेमकं हेच ऐकलं होतं.

काकांनी चपला काढल्या. टाच गार फरशीला टेकली तशी कळ उठली. त्यांनी उलटा हात पुढे केला आणि हात कोपरापर्यंत झणझणून मागे फेकला गेला. स्टूल कलंडलं. काका भिंतीला टेकून बराच वेळ धापा टाकत राहिले.

गप्प बसणं सोपं होतं. मुलाचा संशय नव्हता, बाईंचा तर नव्हताच. दुपारपर्यंत काकांनी ते करूनही पाहिलं. मग त्यांनी वायर बदलली, पाय उघडे ठेवून दोनदा हात लावला आणि इस्त्री पिशवीत घालून ते टेलरबाईंकडे गेले.

शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती. शेजारी बाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“या काका. लेक काही वेडंवाकडं बोलला का? तोंडाचा फटकळ आहे तो. मनावर घेऊ नका.”

“तो काही बोलला नाही. ताई, इस्त्री जुनी म्हणून झालं नाही हे. वायर माझ्या हातून चेमटली. आणि तपासताना माझ्या पायात चपला होत्या.”

“चपलांचं काय त्यात?”

काकांनी समजावून सांगितलं. रबर मध्ये आलं की शॉक कळत नाही. तुम्ही घरात अनवाणी होतात, मी दुकानात अनवाणी नव्हतो. टेलरबाई ऐकून घेत होत्या. डाव्या हाताने त्यांनी यंत्रावरची चादर उगीचच सारखी केली.

“कालपासून मी पोराशी भांडतेय,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, काकांकडे बोट दाखवायचं नाही. आता त्याला काय सांगू?”

“खरं ते सांगा.”

“तुम्हाला काय जातंय म्हणायला! उद्या मी घरात काहीही दुरुस्तीला काढलं, की तो हेच ऐकवणार.” त्यांना रडू येत होतं, पण त्यांनी ते आवरलं. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीकडे बघितलं. “नीट केलीत?”

“केली.”

“चालेल ना?”

अडतीस वर्षांत हा शब्द कधी शोधावा लागला नव्हता. काकांनी पिशवी परत उचलली. “ताई, नवी घ्या,” ते म्हणाले आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. चपला आल्यापासून इस्त्रीखेरीज आणखी पाच वस्तू त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. काका त्या पाचही घरी गेले. दाराशी चपला काढायच्या, लंगडत आत जायचं, मिक्सरला, टोस्टरला, किटलीला उलटा हात लावायचा. एकातही दोष निघाला नाही. पण लोक विचारायचे, “असं अचानक कसं काय आलात?” आणि काका खरं सांगून टाकायचे. कुणी हसलं, कुणी आभार मानले. एका बाईंनी मात्र काकांकडे नीट बघून घेतलं आणि मुलाला जवळ ओढलं.

परतताना त्याच बाईंच्या इमारतीखाली कचऱ्याच्या डब्याला टेकवलेला टेबलफॅन दिसला. त्याची कॉइल काकांनी दोन दिवस खपून भरली होती. फॅन ठणठणीत होता, मघाशीच त्यांनी बाईंच्या घरात तपासला होता. ते वाकले, जाळीला हात लावला आणि उचलावा की नाही ते न कळून तसेच पुढे गेले.

संध्याकाळी लेक भाजी निवडत होती. काका तिच्यासमोर बसले.

“तू म्हणत होतीस ना, दुकान पुरे आता. करू या बंद.”

तिचे हात थांबले. वर्षभर ती डोकं फोडत होती आणि बाबा दाद देत नव्हते. “असं एकदम? काय झालं बाबा?”

“काही नाही. टाच दुखते.”

“म्हणजे त्या चपलांचा उपयोग होत नाही का? बदलून आणू?”

तिच्या चेहऱ्यावरची काळजी बघून काकांनी सांगायचं होतं ते गिळलं.

“नको, चांगल्या आहेत गं,” ते म्हणाले. “इतक्या मऊ आहेत, की खाली जमीन आहे हे कळतच नाही.”

“बघा, मी म्हणत नव्हते?” लेक खूश झाली. उठता उठता तिने दाराशी पडलेल्या त्या चपला उचलल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि सकाळी बाबांच्या पायाला लगेच सापडाव्यात म्हणून त्यांच्या पलंगाखाली जोडून ठेवल्या.