राखेनं फसलेला डोळा

कोळवणात साळूबाईची कनगी म्हंजे सोन्याचा हंडाच. तिच्यात आंबेमोहोराचं बियानं. ते सासूनं दिलं, सासूला तिच्या सासूनं, आन् तिला, साळूबाई सांगती, खुद्द इंद्रदेवानं!

वरच्या खोलीत भाड्यानं राहनारी, पिकांच्या रोगांचा अभ्यास करनारी स्नेहल मात्र म्हनाली, "आजी, गेल्या साली तुमच्या भातावर करपा पडला. बियाण्यात रोग असेल तर जाळावं लागेल."

"असंल म्हंजे? हाय का न्हाई ते सांग की!"

"पेरणीला पाच दिवस उरलेत. माझ्या डोळ्यांनी बघायला महिना लागेल. हे कॉम्प्युटरला जोडलेलं सूक्ष्मदर्शक मशीन मात्र झटक्यात बघेल."

स्नेहलनं कनगीतल्या वरपासून तळापर्यंतच्या बारा मुठी धुतल्या, ते पानी थेंबथेंब काचांवर टाकून मशीनखाली ठेवलं. आन् नवल! हात न लावता काच आपसूक सरकायला लागली. रिकामी जागा आली की यंत्र सर्रकन म्होरं, संशय आला की थांबून निरखून बघतंय. साळूबाईचा आ मिटंना.

"अगं, ह्यो तर माझ्यावानी तांदूळ निवडतोय!"

रोग दिसंल तिथं यंत्र पडद्यावर लाल गोल काढायचं, आन् पडद्यावर लाल गोलच गोल. बाराच्या बारा मुठीत.

"सगळंच गेलं, आजी," स्नेहल हळूच म्हनाली.

साळूबाई चष्मा सावरून पडद्याला नाक लावून बसली.

"करपा कसा दिसतो गं?"

"लसणाच्या पाकळीसारखा."

"मग ही फुटक्या कौलाची खापरं कशाची?" म्हनत ती चुलीकडं पळाली, चिमूटभर राख घेऊन आली. "ही ठेव काचंवर!"

पुन्हा तेच लाल गोल.

"मुडदा बशिवला तुज्या यंत्राचा! कीड लागू नये म्हनून बियान्याला राख चोळते मी!"

स्नेहलनं कपाळावर हात मारला. "याला शिकवताना राख कुणी दाखवलीच नाही."

"मग दाखव की! न शिकवल्यालं कुनाला येतंय?"

साळूबाईनं दोनशे चित्रं निवडून दिली. ही राख, ही बी राख, ह्यो भुसा. यंत्र शिकलं, पुन्हा कामाला लागलं. राखेकडं ढुंकून बघंना! तीन हजार जागा बघून झाल्या तवा कपातला चहा बी निवला नव्हता. थांबलं ते फकस्त बाराव्या मुठीत, कनगीच्या तळातल्या. सात ठिकानी. सात लसनाच्या पाकळ्या.

साळूबाईनं यंत्राला हात जोडले. हे गावात पयल्यांदाच घडलं.

तळाचं ओलसर बियानं तिनं स्वतःच्या हातानं चुलीत घातलं. पाचव्या दिवशी वरचं बियानं राबात, रोपांसाठी भाजलेल्या वाफ्यात, टाकताना एक दाना तिनं उन्हात धरला. काय बी दिसलं न्हाई. तरी ती लई येळ बघतच राह्यली.